फटाक्याचा स्टॉल टाकायचाय, कायदा बदलतोय म्हणतात, नक्की काय समजायचं?

कृष्णाकाठचा_गडी

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या आधीच विचारून घेतो, नाहीतर ऐनवेळी घोळ व्हायचा. आमचं कराडजवळ किराणा दुकान आहे, आजवर दिवाळीत दुकानापुढंच टेबल टाकून फुलबाज्या, टिकल्या, भुईचक्रं, लवंगी असलं थोडंफार विकत आलोय, कोण काय बोललं नाही. यंदा मी नि मावसभाऊ मिळून मैदानात रीतसर स्टॉल टाकायचं म्हणतोय. होलसेलवाल्याकडं रेट विचारायला गेलो तर त्यानं दुसरंच सुरू केलं, म्हणे इंग्रजांचा १८८४ चा स्फोटकांचा कायदा मोडीत निघणार, नवा येतोय, दंड लाखात जाणार, म्हणून यंदा उधारी बंद, माल रोखीनं न्या. आता यात कायदा किती नि त्याची उधारी किती हे त्यालाच ठाऊक.

त्यात गावातल्या ग्रुपवर रोज नवीन मेसेज. एकजण म्हणतो ग्रीन फटाके सोडून सगळ्यावर बंदी आहे, दुसरा म्हणतो ते फक्त दिल्लीला, आपल्याकडं काय नाय. माळांचं काय? आमच्याकडं हजाराची नि पाच हजाराची माळ नसेल तर गिऱ्हाईक स्टॉलवर चढतच नाही, लग्नवाले नि निवडणुकीवाले तर फक्त माळच मागतात. आणि समजा आमच्याकडनं नेलेला सुतळी बॉम्ब कुणी रात्री बाराला दवाखान्यासमोर लावला तर आम्हाला धरणार का त्याला? जाणकारांनी सांगा, अंदाजपंचे नको.

गाळा_नंबर_१७

भाऊ, आधी ते टेबलाचं बोलू. दुकानापुढं टेबल टाकून विकणं हे कधीच कायद्यात बसत नव्हतं, कोण काय बोललं नाही म्हणजे परवानगी होती असं नाही. फुलबाजी असो नाहीतर रॉकेट, विक्रीला परवाना लागतोच, दिवाळीचा तात्पुरता सुद्धा. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडून, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालयातून. तुमचं कराड म्हणजे सातारा जिल्हाधिकारी.

मी बरीच वर्षं सोलापूर भागात स्टॉल लावतोय. नियम आहेत २००८ चे, विस्फोटक नियम, त्यात ८४ नंबरचा नियम आपल्यासाठीच आहे, तो मराठीत समजून घ्या. शेड न पेटणाऱ्या सामानाची पाहिजे, म्हणजे पत्रा. कापडी मंडप नि बांबू चालत नाही. दोन शेडमध्ये कमीत कमी ३ मीटर मोकळी जागा, घरं-शाळा वगैरेपासून ५० मीटर लांब, शेडची तोंडं समोरासमोर नकोत, एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त स्टॉल नकोत. आत दिवा, कंदील, उघडी ज्योत काही नाही. लाइट घेतली तर भिंतीला नाहीतर छताला पक्की बसवलेली, वायरला लोंबकळणारा बल्ब चालत नाही, आणि प्रत्येक रांगेला एक मास्टर स्विच. ५० मीटरच्या आत फटाका वाजवून दाखवायचा नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. वसुबारसेच्या आधी पालिकेचा माणूस टेप घेऊन येतो, फक्कीनं रेषा मारून ३ मीटर सोडून देतो, फोटो काढतो, जातो. धनत्रयोदशीला दुपारी टेम्पो आला की त्याच ३ मीटरमध्ये रिकामी खोकी नि जादा माल, वर ऊन लागू नये म्हणून ताडपत्री, ताडपत्रीखाली पोरगं झोपलेलं. म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे जी जागा आग अडवायला ठेवली तिथंच सगळ्यात जास्त पेटणारं सामान. २०१६ ला नरकचतुर्दशीच्या सकाळी औरंगाबादला जिल्हा परिषदेच्या मैदानावर काय झालं आठवा, २९ ऑक्टोबर होता, एका स्टॉलची आग बघता बघता सगळ्या बाजारात फिरली, पार्किंगमधल्या गाड्या सुद्धा गेल्या. तेव्हाही २००८ चे नियम होतेच की. म्हणून मला कुणी नवा कायदा नवा कायदा केलं की मी विचारतो, जुना कुणी वाचलाय का?

तुम्ही एवढं करा, मधली जागा मोकळी ठेवा, परवान्यावर जेवढे किलो लिहिलेत तेवढाच माल शेडमध्ये ठेवा आणि वाळूच्या बादल्या खरोखर वाळूनं भरा.

पश्चिम_नागपूरकर

गडीभाऊ, तुमच्या होलसेलवाल्यानं अर्धी गोष्ट सांगितली नं. मी इथं नागपूरला राहतो, आणि या सगळ्या खात्याचं मुख्यालय आमच्याच गावात आहे, पेसो म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, सेमिनरी हिल्सला. त्यामुळं इथं पेपरात या बातम्या जरा जास्त येतात.

कायदा १८८४ चा आहे हे खरं. २०२४ च्या जुलैत केंद्राच्या उद्योग खात्यानं त्याच्या जागी नवीन विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी टाकला. आजच्या कायद्यात विनापरवाना साठा, विक्री, वापर, वाहतूक यासाठी कमाल २ वर्षं शिक्षा किंवा दंड, आणि तो दंड किती तर ३,००० रुपये! मसुद्यात तो ५०,००० केलाय. १ लाखाचा आकडा आहे तो उत्पादन, आयात, निर्यात करणाऱ्यांसाठी, तिथं ३ वर्षांपर्यंत शिक्षा. तुम्ही स्टॉलवाले, तुमचा संबंध ५०,००० शी, तो पण विधेयक पास होऊन लागू झाल्यावर. तोपर्यंत १८८४ च.

आता माझं मत. ३,००० रुपये म्हणजे एका मोठ्या माळेची किंमत, तो दंड वाढायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण लोकं मरतात कुठं ते बघा नं. स्टॉलवर कमी, कारखान्यात नि गोदामात जास्त. आमच्याच जिल्ह्यात बाजारगावला डिसेंबर २०२३ मध्ये स्फोटकांच्या कारखान्यात ९ जण गेले, जून २०२४ मध्ये धामण्याला, फेब्रुवारी २०२५ मध्ये कोतवालबड्डीला फटाक्याच्या बारुदीच्या कारखान्यात २ जण. मध्य प्रदेशात हरदा, ६ फेब्रुवारी २०२४. गुजरातेत डीसा, १ एप्रिल २०२५, तिथं २१ माणसं, बहुतेक पोट भरायला आलेले मजूर नि त्यांची लेकरं, आणि गोदामाच्या परवान्याची मुदत आधीच संपलेली. मुख्यालय आमच्या डोळ्यासमोर, तरी ही गत.

याचं कारण परवाने वाटून दिलेत. १५ किलोपर्यंतचं छोटं उत्पादन असेल तर परवाना जिल्हाधिकारी देणार, त्याच्या वर पेसो. कामगारांची सुरक्षा बघणार राज्याचं औद्योगिक सुरक्षा खातं, आगीचं अग्निशमन दल, गुन्हा नोंदवणार पोलीस. आता १५ किलोचा परवाना घेऊन माणूस आत टनानं माल ठेवतो तेव्हा ते बघायचं कोणी? स्फोट झाला की मग सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. नव्या कायद्यात दंडाचा आकडा बदलून हे बदलत नाही, त्यासाठी मधेच जाऊन वजन करणारा माणूस लागतो.

ग्रीनबद्दल पण सांगून टाकतो, कारण ते पण नागपूरचंच, नीरी म्हणजे सरकारी पर्यावरण संशोधन संस्था, तिथल्या लोकांनी बनवलेले फॉर्म्युले आहेत, स्वास, स्टार नि सफल. धूर निदान ३० टक्के कमी व्हावा असा हिशेब. ग्रीन म्हणजे बिनधुराचे नाही बरं का, दुकानदार तसं सांगून विकतात. पाकिटावर नीरीचा लोगो नि क्यूआर कोड असतो, नुसता हिरवा शिक्का बघून माल उचलू नका, कोड स्कॅन होतो का ते होलसेलवाल्याच्या पुढ्यातच बघा.

वकीलसाहेब_नव्हे

वरच्या दोघांनी चांगलं लिहिलंय, बंदी कुठली नि कुठं हे राहिलं तेवढं टाकतो.

२३ ऑक्टोबर २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, अर्जुन गोपाल प्रकरण. सरसकट बंदी नाही, पण बेरियमचे क्षार वापरलेले फटाके बंद, जोडलेल्या माळा बंद, ऑनलाइन विक्री बंद, दिवाळीला वाजवायची वेळ रात्री ८ ते १०. दिल्ली परिसरात त्याच्यापुढं जाऊन वेळोवेळी पूर्ण बंदी आली, त्यामुळं लोकांना वाटतं सगळंच दिल्लीपुरतं. पण ७ नोव्हेंबर २०२३ ला राजस्थानच्या अर्जावर कोर्टानं परत स्पष्ट केलं की हे आदेश सगळ्या राज्यांना आहेत. त्याच आठवड्यात मुंबई हायकोर्टानं आधी ७ ते १० नि मग ८ ते १० अशी वेळ मुंबईत लावली होती.

म्हणजे गडीसाहेब, पाच हजाराची माळ कागदावर २०१८ पासूनच बंद आहे. सगळे विकतात हे मलाही दिसतं. तुम्ही विकायची का नाही हे मी सांगणार नाही, पण पंचनामा झाला तर "सगळे विकतात" हे उत्तर चालत नाही.

रात्री बाराच्या बॉम्बचं. ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वर्षभर बंद, दिवाळीच कशाला पाहिजे. आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, तिथं तर दिवसा पण नाही. हे वाजवणाऱ्याच्या अंगावर येतं. निष्काळजीपणानं स्फोटक वापरलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८८, ६ महिने किंवा ५,००० दंड, जुन्या आयपीसीत हा दंड १,००० होता. तुम्ही अडकाल ते माल बेकायदा असेल तर. १२५ डेसिबलच्या वर आवाज, ४ मीटरवरून मोजलेला, असा फटाका बनवणं-विकणंच बंद आहे, हा नियम १९९९ चा आहे.

खरी गंमत इथंच आहे. विकणाऱ्याचे नियम एका पुस्तकात सापडतात, वाजवणाऱ्याचे मात्र थोडे कोर्टाच्या आदेशात, थोडे आवाजाच्या नियमात, थोडे पोलिसांच्या दरवर्षीच्या पत्रकात. कायदा नवा करायचाच तर हे एका जागी आणा की. सामान्य माणसाला एका पानावर कळलं पाहिजे काय चालतं नि काय नाही.

स्मिता_चिखली

एका पानावर आणून काय होणार हो दादा, आमच्या सोसायटीत दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा वाढदिवस रात्री बाराला होतो, टेरेसवर स्काय शॉट. सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणतात ताई जाऊ द्या, पोरं आहेत. ११२ ला फोन केला की गाडी येते तेव्हा पुठ्ठ्याचं खोकं तेवढं उरलेलं असतं, आणि कुणी फोन केला हे दुसऱ्या दिवशी सगळ्या विंगला माहीत. त्यामुळं मी तरी वाजवणाऱ्याच्या दंडाच्या बाजूनं आहे, जागेवर पावती फाडा, वाहतूक पोलीस फाडतात तशी.

पण मला लिहायचं होतं ते वेगळंच. केकवर लावतो ना ती कारंजी उडणारी मेणबत्ती, ती आपण फटाका समजतच नाही. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात, म्हणजे माझ्या घरापासून जवळच, ह्याच मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. सहा बायका त्याच दिवशी गेल्या, नंतर हॉस्पिटलमध्ये आकडा वाढत गेला. परवानगी काही नव्हती. आत बसून नळीत दारू भरायचं काम, हातावर पोट असलेल्या बायका, बाहेर साधं पत्र्याचं शेड, रस्त्यावरून जाणाऱ्याला काय कळणार आत काय चाललंय.

आजही कुठल्याही केकच्या दुकानात जा, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये प्लास्टिकच्या सुऱ्या, हॅपी बर्थडेची झालर नि त्याच्याच शेजारी या मेणबत्त्यांचं पाकीट, वर ओव्हन चालू. त्या पाकिटावर कारखान्याचं नाव सुद्धा नसतं बऱ्याचदा. त्यात दारू असते म्हणजे ते स्फोटकच, कायद्याला नवीन व्याख्या नकोय, पण तपासणीच्या यादीत ते कधी येतच नाही. गडीदादा, तुम्ही किराण्यात ठेवत असाल तर काढून टाका प्लीज.

जतचा_बोअरवाला

सगळं फटाक्यावरच चाललंय म्हणून मधी बोलतो. १८८४ चा कायदा म्हंजे फक्त दिवाळी नव्हं, आमच्या विहिरीचे सुरुंग, खाणीतली जिलेटिन कांडी, सगळं त्याच कायद्यात बसतंय. आणि आमच्यावर मात्र नियम चांगले आवळत आणलेत. २०१२ ला सुरुंगात वापरतात त्या अमोनियम नायट्रेटचे वेगळे नियम झाले, बैरूतच्या बंदरात २०२० ला त्याच्याच साठ्याचा स्फोट झाला त्यानंतर २०२१ ला ते आणखी कडक. १ एप्रिल २०२५ पासनं इलेक्ट्रिक डिटोनेटर बंद करायची अधिसूचना निघाली. कांडी कुणाकडनं घेतली, कुणाला दिली, कुठं उडवली, सगळं रजिस्टर नि ऑनलाइन.

आधी काय व्हायचं, विहीर खणायला ट्रॅक्टर-कंप्रेसरवाला यायचा, बारा भोकं मारायचा, आठ उडायची, चार तशीच, आन दुसऱ्या दिशी गाळ काढणारा माणूस त्यावर पहार मारायचा. आता निदान परवानावाला शॉटफायरर म्हंजे सुरुंग उडवणारा लागतोय, राहिलेलं भोक मोजून मग खाली उतरायचं. तरास होतो, पैसा जातो, पर माणसं वाचतात.

मग एवढी कांडीकांडीची नोंद होऊ शकते तर फटाक्याच्या खोक्याची का न्हाई? कारखान्यापासनं गोदाम, गोदामापासनं स्टॉल, खोक्याखोक्याला नंबर. नागपूरचे भाऊ म्हंतात वजन करणारा माणूस पायजे, माणूस कुठनं आणणार, नोंद ठेवा म्हंजे माल कुठं तुंबलाय ते आपोआप दिसंल.

लेस्टरचा_पाटील

इंग्लंडमध्ये राहतो, तुलना म्हणून नाही पण माहिती म्हणून लिहितो. इथं २००३ चा फटाके कायदा आणि २००४ चे नियम आहेत. रात्री ११ ते सकाळी ७ वाजवायला बंदी, पण दिवाळीच्या रात्री १ पर्यंत सूट, आणि ही सूट कायद्यात दिवाळीचं नाव घेऊन लिहिलेली आहे, नववर्ष नि ५ नोव्हेंबरच्या गाय फॉक्सच्या रात्रीसारखीच. विक्रीसाठी वर्षभराचा वेगळा परवाना नसेल तर ठरावीक दिवसांतच विकता येतं, त्यात दिवाळी नि तिच्या आधीचे ३ दिवस धरलेत. १८ च्या खालच्याला विकायचं नाही. मोठे गोळे फक्त व्यावसायिक लोकांना, आम्हा लोकांना नाही. हे सगळं सरकारी साइटवर खरंच एका पानात आहे, वकीलसाहेब म्हणतात तसं.

तरी इथं सगळं आलबेल आहे असं समजू नका, आवाजाची मर्यादा १२० डेसिबलवरून ९० करा म्हणून दरवर्षी आरडाओरडा असतो, कुत्रीवाले सगळ्यात पुढे. शेजारच्या हॉलंडनं तर २०२५ मध्ये सामान्य लोकांना रॉकेट-बॉम्ब विकायचंच बंद करायचा कायदा केला.

पश्चिम_नागपूरकर

@जतचा_बोअरवाला, भाऊ पॉइंट बरोबर आहे तुमचा, पण कांडी कारखान्यातून नंबर घेऊनच निघते, आणि बनवणारे मोजके. फटाका शिवकाशीला शेकडो कारखान्यांत बनतो, त्यातलं काम परत घराघरात जातं. वरतून आपल्याकडे गावोगावचे दारूकाम करणारे वेगळेच, जत्रेत औट उडवणारे. त्यांना नंबर कोण देणार? चोरीचा माल त्या नोंदीत येणारच नाही, जो नोंद ठेवतो तोच फक्त तपासला जाईल. डीसाला नोंदीचा प्रश्नच नव्हता नं, परवानाच संपलेला होता. तिथं कुणीतरी दार वाजवायला पाहिजे होतं.

जतचा_बोअरवाला

जत्रंच्या औटाचं बरोबर बोलला. केरळात २०१६ ला पुट्टिंगल देवळात परवानगी नाकारली असताना दारूकामाची चढाओढ लावली, शंभरच्या वर माणसं गेली. आपल्या भागात पण जत्रा कमिटी म्हंती आमची परंपरा, परवाना कशाला. दारूवाले मातर बिचारे पिढीजात, त्यांना बंद करू नका, लांब माळावर पक्की शेड बांधून द्या सरकारनं आन मग धरा जबाबदार. पर तुमचं दार वाजवायचं म्हणणं मान्य.

कृष्णाकाठचा_गडी

आभारी आहे सगळ्यांचा, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. स्मिताताई, त्या मेणबत्त्या आमच्याकडं होत्या, एजंटनं चॉकलेटच्या मालाबरोबर दिलेल्या, खरंच पाकिटावर नाव नव्हतं, परत केल्या आज.

स्टॉलसाठी अर्ज करतोय. माळांचं भावाशी भांडण झालं, तो म्हणतो निदान शंभरची ठेवू, मी म्हणलं नको, त्याऐवजी पाऊस, चक्र नि लहान पोरांचा माल वाढवू, बघू किती खपतो. आता शेवटचं विचारतो, दिवाळी झाल्यावर माल उरला तर? तात्पुरता परवाना तर संपणार. आजवर उरलेलं आम्ही दुकानाच्या माळ्यावर तेलाच्या डब्यांमागं ठेवून तुळशीच्या लग्नाला काढायचो.

गाळा_नंबर_१७

तेलाच्या डब्यांमागं! धन्य आहात. परवान्यावर जी तारीख आहे त्या तारखेनंतर एक खोकं सुद्धा ठेवायचं नाही, माळ्यावर नाही, घरी नाही, मावसभावाच्या गोठ्यात तर नाहीच. माल घेतानाच होलसेलवाल्याशी बोलून ठेवा की न उघडलेली खोकी परत घेणार, बिलावर तसं लिहून घ्या, त्याच्याकडं कायमचं परवान्याचं गोदाम असतं. रोखीनं द्या म्हणतोय ना तो, मग रोखीच्या बदल्यात हे मागा, चांगला सौदा आहे. बहुतेकजण काही टक्के कापून घेतात परत. फुटक्या पाकिटांतला नि ओला झालेला माल मात्र ते घेत नाहीत, तो स्टॉलवर पेटवून संपवायला जाऊ नका, पाण्याच्या पिंपात रात्रभर बुडवून ठेवा नि परवाना देताना अग्निशमनवाले येतील तेव्हाच विचारून ठेवा कुठं द्यायचा ते. आणि अर्ज लवकर टाका, पोलिसांचा नि पालिकेचा ना-हरकत दाखला यायलाच वेळ लागतो, आमच्याकडं एका वर्षी परवाना पाडव्याच्या दिवशी हातात आला होता.